लांबचा पल्ला आणि आधीची बांधाबांध

प्रवासवर्णनं वाचताना मला एक गोष्ट नेहमी खटकते. पहिल्याच पानावर लेखकमहाशय गाडीत बसलेले असतात. दुसऱ्या पानावर डोंगर, तिसऱ्यावर सूर्योदय. पण निघायच्या आधीचे पंधरा दिवस, महिना, वर्ष? पैसे कुठून आणले, घरच्यांना काय सांगितलं, सामानातून काय काढलं आणि काय ठेवलं, याबद्दल अवाक्षर नसतं. जणू माणूस उठला आणि चालू लागला!

इतिहासाच्या पुस्तकांचंही तेच. तीसेक वर्षं मी मुलांना इतिहास शिकवला. "सातव्या शतकात ह्युएनत्संग भारतात आला" असं फळ्यावर लिहायचं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचं. "सर, त्याने बरोबर काय काय घेतलं होतं?" असं एकाही मुलाने कधी विचारलं नाही, आणि परीक्षेत ते येणार नव्हतं म्हणून मीही सांगितलं नाही. खरं तर इतिहासाला विचारण्यासारखा तो अस्सल प्रश्न आहे. माणूस बरोबर काय घेतो यावरून त्या काळी रस्ता कसा होता, चोर किती होते, राज्य कोणाचं होतं आणि घरात कोणाचा शब्द चालत होता, हे सगळं कळतं.

हे सारं आता सुचायचं कारण म्हणजे आमच्या पालेगावच्या इमारतीखालचं पार्किंग. (पालेगाव म्हणजे अंबरनाथ पूर्व. जिथे भातशेती होती तिथे आता टॉवर उभे आहेत आणि गॅलरीतून मलंगगड दिसतो, तेवढाच काय तो जुना शेजारी.) गेले दोन महिने रात्री जेवणं झाली की तिथे चार पोरांची बैठक भरते. त्यांत एक माझा नातू. मोटारसायकलवरून लेहला जायचं घाटतं आहे. मी शतपावलीच्या निमित्ताने तिथे घुटमळतो आणि ऐकतो.

त्यांची यादी मोठी मजेशीर आहे. दोन जादा क्लचवायरी, एक ॲक्सिलरेटरची वायर, स्पार्कप्लग, पंक्चरचं किट, हवा भरायचा पंप, चेनला लावायचा स्प्रे, फ्यूज, सामान बांधायचे इलॅस्टिकचे दोर. पेट्रोलसाठी पाच लिटरचे कॅन. रेनकोट, थर्मल, हातमोज्यांचे दोन जोड, कारण एक भिजला तर दुसरा हवा. औषधं. आणि कागदपत्रं: आरसी बुक, विमा, पीयूसी, लायसन्स. मोबाइलमध्ये सगळं असतं तरी छापील प्रती वेगळ्या घ्यायच्या असं त्यांनी ठरवलं, हे मला आवडलं. पेट्रोलच्या कॅनवरून मात्र वाद झाला. एक म्हणाला, "पुढे सगळीकडे मिळतं रे, यूट्यूबवर पाहिलंय मी." दुसरा म्हणाला, "नाही मिळालं तर?"

हा वाद निदान दोन हजार वर्षं जुना आहे, असं म्हटलं तर पोरं हसतील. पण जातककथांमधली अगदी पहिलीच कथा, अपण्णक जातक, याच वादाची आहे. बनारसचे दोन सार्थवाह, म्हणजे व्यापारी तांड्यांचे नायक. दोघांजवळ पाचशे पाचशे गाड्या. वाटेत साठ योजनांचं वाळवंट. पहिला पाण्याचे रांजण भरून निघतो. अर्ध्या वाटेत एक यक्ष भेटतो: ओले कपडे, हातात कमळं, चाकांना चिखल. तो म्हणतो, पुढे धो धो पाऊस पडतो आहे, हे ओझं कशाला वाहता? नायक रांजण फोडून टाकतो आणि तहानेने गळालेला सगळा तांडा रात्री यक्षांच्या भक्ष्यस्थानी पडतो. मागून येणाऱ्या दुसऱ्यालाही तोच यक्ष भेटतो. तो मात्र विचार करतो, की पावसाचा वारा लागला नाही, ढग दिसला नाही, गडगडाट ऐकू आला नाही, मग पाऊस कुठला? स्वतःच्या डोळ्यांनी पाणी दिसल्याशिवाय एक थेंबही सांडायचा नाही, असं तो आपल्या माणसांना बजावतो. तो सुखरूप पोचतो.

ही कथा म्हणजे व्यापाऱ्यांचं पाठ्यपुस्तकच असावं. आपल्याला ती परकी वाटायचं कारण नाही. आमच्या घरापासून कल्याण हाकेच्या अंतरावर, आणि कल्याण हे सातवाहनकाळातलं नामांकित बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावं आहेत. तिथून माल नाणेघाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जाई. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असं सांगतात. म्हणजे बैल, पाणी, दाणागोटा यांच्या जोडीला जकातीची नाणी हीसुद्धा तयारीच. आज फास्टॅगवर टोल जातो. (दुचाकीला तोही नाही.)

मनालीकडून लेहला जाताना टांडी नावाच्या गावी पेट्रोलपंप आहे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, असं सांगणारी तिथली पाटी मोटारसायकलवाल्यांत प्रसिद्ध आहे. तिच्यासमोर उभं राहून फोटो काढायची पद्धत आहे म्हणे. यक्षाच्या बोलण्यावर जाऊ नका, कॅन भरा, एवढं मी पोरांना सांगितलं. यक्ष कोण ते त्यांनी विचारलं नाही.

आता मराठी माणसाची तयारी पाहायची तर विष्णुभट गोडसे यांच्याकडे जावं लागतं. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरावर कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आणि ब्राह्मणांना भरघोस दक्षिणा मिळणार, अशी बातमी आली. तेव्हा काकांना बरोबर घेऊन ते १८५७ साली पायी उत्तरेकडे निघाले. वय तिशीच्या आगेमागे. पुढे त्यांनी लिहिलेल्या 'माझा प्रवास'बद्दल सगळे बोलतात ते झाशीच्या राणीमुळे. साहजिकच आहे, झाशीचा वेढा आतून पाहिलेला हा मराठी माणूस. पण मी ते पुस्तक परत काढलं ते निघण्याच्या प्रकरणासाठी.

तिथे काय आहे? हौस नावाची गोष्ट नाही. कर्ज फेडायचं हा एकमेव हेतू. घरच्यांना राजी करणं हे मोठं काम, कारण वडील थकलेले आणि 'हिंदुस्थान' म्हणजे जिथून माणूस परत येईलच असं नाही असा मुलूख. एकट्याने नाही, काकांच्या बरोबरीने जायचं म्हणून परवानगी मिळते. आणि त्यांच्या तयारीचा सर्वांत मोठा भाग पडशीत नव्हताच, तो तोंडपाठ होता. पाठ केलेला वेद आणि याज्ञिकी हेच भांडवल. वाटेत जिथे मुक्काम पडेल तिथे कोणीतरी विचारणार, कोणाचे कोण, काय येतं? येत असेल तर जेवण आणि दक्षिणा. आज एटीएम कार्ड असतं, त्यांच्याजवळ संहिता होती.

पण ज्याची तयारी करता येत नाही तेच नेमकं घडलं. महूच्या आसपास शिपायांकडूनच त्यांना बंडाची कुणकुण लागली आणि पुढे उठाव झालाच. यज्ञ राहिला बाजूला. ग्वाल्हेर, झाशी असं फिरताना हे दोघे अशा काळातून गेले की कोणत्या बाजूच्या हाती सापडलो तर जास्त वाईट, हेच कळेना. झाशीत इंग्रजी फौज शिरली तेव्हा मिळवलेलं सारं लुटलं गेलं. कर्ज फेडायला निघालेला माणूस अखेर घरी परतला तो गंगेच्या पाण्याची कावड घेऊन. हे सगळं लिहून घेऊन १९०७ साली छापलं ते आमच्या कल्याणच्या चिंतामण विनायक वैद्यांनी. ते छापून आलं तेव्हा विष्णुभट हयात नव्हते.

मोटारसायकलच्या इतिहासात विष्णुभट कुठून आले, असं कोणी म्हणेल. पण पालेगावची पोरं ज्या वाटेने जाणार तिचा बराचसा भाग तोच मुलूख आहे: सेंधवा, महू, इंदूर, ग्वाल्हेर. फक्त अडीच वर्षांऐवजी त्यांच्याकडे सतरा दिवसांची रजा आहे.

आमच्या पिढीचं मध्येच राहिलं. आम्ही का नाही गेलो, असं नातवाने विचारलं. त्याला वाटलं आम्हांला हौस नव्हती. हौस होती, गाडी नव्हती! ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना हे पटत नाही. कारखान्याने किती गाड्या काढायच्या ते सरकार ठरवी. बजाजची स्कूटर हवी तर पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. परदेशातला नातेवाईक डॉलर पाठवू शकला तर नंबर लवकर लागे. हुंड्याच्या बैठकीत स्कूटरच्या बुकिंगच्या पावतीला भाव असे, हे मी ऐकीव सांगत नाही. लँब्रेटा भांडुपला तयार होई. जावा १९६१ पासून म्हैसूरच्या कारखान्यात, रुस्तम इराणींच्या, पुढे तिचीच येझदी झाली आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. राजदूत 'बॉबी' चित्रपटानंतर एकदम रुबाबदार ठरली. आणि बुलेट. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लष्कराने सरहद्दीसाठी मागवली, १९५५ पासून मद्रासला बनू लागली. मूळची इंग्लंडमधली कंपनी १९७० च्या सुमारास बंद झाली, आपली चालूच राहिली.

बुलेट सोडली तर यांतल्या बहुतेक टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, प्लग काळा पडला की काढून पॉलिशपेपरने घासायचा, पुन्हा बसवायचा. माळशेजला जाऊन यायचं तरी खिशात प्लगपाना लागे. तेव्हा कोणी लेहला जायचं म्हटलं असतं तरी जाता आलं नसतं, कारण लडाख पर्यटकांना खुलं झालं तेच १९७४ साली. मास्तरचा पगार, १९७३ नंतर भडकलेलं पेट्रोल आणि घरातली चार तोंडं. आम्ही मित्रांनी गोव्याचा बेत दोनदा केला आणि दोन्ही वेळा एसटीने गेलो. असो.

आता ज्या विषयावर मी खरोखर तोंड घातलं तो म्हणजे वाट. लेहला रस्त्याने जायच्या मुख्य वाटा दोन, मनालीकडून आणि श्रीनगरकडून. पोरांना मनाली हवी होती, कारण तिकडचा देखावा भारी आणि ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगची चढण वाचते. माझं म्हणणं, जाताना श्रीनगर घ्या, येताना मनाली. कारण सरळ आहे आणि ते शौर्याचं नाही, श्वासाचं आहे. श्रीनगर साधारण १,६०० मीटरवर. तिथून कारगिल २,७०० च्या आतबाहेर, मग लेह ३,५०० मीटर. शरीराला पायऱ्या मिळतात. मनाली २,००० मीटरवर, आणि वाटेत सरचूला मुक्काम केला तर एकदम ४,२०० च्या वर झोपायचं. उंचावर गेल्यावर रोजच्या झोपण्याची जागा साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, असं डॉक्टर सांगतात. डोकेदुखी, मळमळ, झोप न येणं इथून सुरुवात होते, आणि अंगात रग आहे म्हणून ती टळत नाही. तरण्याबांड माणसाला जास्त धोका, कारण तो थांबत नाही.

उंचीची हौसही थोडी आवरायला हवी. खारदुंगलाच्या खिंडीत १८,३८० फुटांची पाटी कित्येक वर्षं होती. पुढे नीट मोजणी झाली तेव्हा ती ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या थोडी वर निघाली. आता तर २०२१ पासून उमलिंगलाचा रस्ता १९,००० फुटांच्या वर गेला आहे. पाटीपुढच्या फोटोसाठी जायचं तर दर काही वर्षांनी परत जावं लागेल!

श्रीनगरच्या वाटेवर झोजिला लागते, आणि तिथे मला शाळेत शिकवायचं राहून गेलेला एक धडा आहे. १९४८ साली ही ३,५२८ मीटरची खिंड शत्रूच्या ताब्यात होती आणि लेहची वाट बंद झाली होती. १ नोव्हेंबरला बर्फ पडत असताना आपले रणगाडे खिंडीत चढले आणि शत्रू गोंधळून गेला, कारण इतक्या उंचीवर रणगाडा येईल अशी कोणाची कल्पनाच नव्हती. पण त्या एका दिवसामागची तयारी पाहा. रणगाड्यांचे वरचे बुरूज काढून, झाकून, गुपचूप ते श्रीनगरमार्गे पुढे आणले. खेचरांच्या पायवाटेचा रणगाडा जाईल असा रस्ता मद्रास सॅपर्सच्या जवानांनी केला, तोही डोक्यावरून गोळ्या सुटत असताना. जनरल थिमय्या स्वतः पुढे होते. आज त्या खिंडीतून बाइकवाले जातात ते कोणाच्या खांद्यांवरून, एवढं पोरांनी माहीत करून घ्यावं. आणि त्या रस्त्यांवर आजही खडी टाकणारे, डांबर ओतणारे पुष्कळसे हात झारखंडच्या दुमका भागातल्या मजुरांचे असतात. तेही हजारो मैल प्रवास करूनच तिथे गेलेले. त्यांच्या तयारीची यादी कोणी केलेली नाही.

तसा एक प्रवास आपल्या दारावरूनच गेला आहे. लेहला जायचं तर पालेगावहून आधी जुना मुंबई–आग्रा रस्ता गाठायचा आणि कसारा घाट चढायचा. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झाला खरा, ७०१ किलोमीटरचा, पण त्यावर दुचाकीला मज्जाव. म्हणजे पोरांच्या नशिबी जुनाच घाट. याच रस्त्याने २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत हजारो माणसं उत्तरेकडे चालत गेली. डोक्यावर बोचकं, कडेवर मूल, हातात पाण्याची बाटली. कोणी रिक्षा घेऊन बिहारला निघालं, कोणी मोटारसायकलवर बायको-मुलांना बसवून. ना हातमोजे, ना क्लचवायर, ना मुक्कामाचा पत्ता. अंतर दीड हजार किलोमीटर. मोटारसायकलवरच्या लांब पल्ल्याच्या प्रवासाचा इतिहास लिहायचा तर ते कुटुंबही त्यात यायला हवं, असं माझं मत आहे. त्यांना तयारीला वेळ मिळाला तो किती? काम बंद झालं त्या दिवसापासून शिधा संपला त्या दिवसापर्यंत.

सूनबाई मला म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगितलंत तर ऐकेल तो." म्हणजे 'जाऊ नको' असं मी सांगावं. तिची भीती खोटी नाही. रस्त्यावरच्या अपघातांत दुचाकीवाले किती जातात ते रोज पेपरात असतं. मी तिला म्हटलं, "तो जाणार हे धरून चाल, मग काय काय मागायचं ते माग." तेव्हा तिने मागितलं: रात्री गाडी चालवायची नाही, पाच वाजता जिथे असाल तिथे मुक्काम, चांगलं हेल्मेट, आणि नेटवर्क जाण्याआधी फोन. विष्णुभटांच्या घरी निघण्याआधी जे झालं त्याहून हे फार वेगळं नाही.

चोरीचं कलम मी घातलं. २०२५ साली मुंबईहून निघालेला एक मराठी तरुण मोटारसायकलने सतरा देश ओलांडून इंग्लंडला पोचला, आणि नॉटिंगहॅममध्ये त्याची गाडी भरदिवसा चोरीला गेली, पासपोर्ट आणि कागदपत्रांसकट. इराण पार पडलं, आल्प्स पार पडला, आणि बागेपाशी लावलेली गाडी गेली! तेव्हा कागद गाडीवर ठेवायचे नाहीत, अंगावर.

राहिला प्रश्न सोबत्यांचा. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. सगळे मुंबईच्या एका व्यायामसंस्थेतले, अंगाने दणकट. इराण, बगदाद, तिथून अलेप्पोपर्यंतचं वाळवंट तेवीस दिवसांत, मग युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश. मार्च १९२८ मध्ये सुमारे ७१,००० किलोमीटर करून ते परतले. पण परतले तिघेच: अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा. बाकीचे तिघे वाटेत वेगवेगळ्या ठिकाणी गळले, त्यांतला एक अमेरिकेतच राहिला. त्यांच्या पुस्तकाला पंडित नेहरूंची प्रस्तावना आहे. लोक तिघांचं कौतुक करतात. मी विचार करतो तो सहा जणांनी निघण्याआधी हे बोलून घेतलं होतं का, याचा. एकाला थांबावंसं वाटलं तर बाकीच्यांनी काय करायचं? पैसे कोणाचे, सायकल कोणाची, रुसवा किती दिवसांचा?

पालेगावच्या चौघांत हा प्रश्न निघण्याआधीच उभा आहे. चौथा पोरगा घरपोच जेवण पोचवायचं काम करतो. त्याची मोटारसायकल हीच त्याची रोजी. सतरा दिवस ती रोजी बंद, वर पेट्रोल, आणि हिमालयातून गाडी खिळखिळी होऊन आली तर दुरुस्ती. वडील एमआयडीसीत कंत्राटावर. तो बैठकीला रोज येतो, यादीतलं सामान कुठे स्वस्त मिळतं ते त्यालाच सर्वांत जास्त ठाऊक, चेन कशी ताणायची ते त्यानेच बाकीच्यांना शिकवलं. येणार की नाही, ते मात्र बोलत नाही. बाकीच्या तिघांनी त्याचा खर्च वाटून घ्यायचा बेत केला आहे. माझा नातू विचारत होता, हे त्याला कसं सांगायचं. मी म्हटलं, खर्च उचलतो असं म्हणू नका. वाटेत गाड्या दुरुस्त करणारा एक जण लागतोच, त्याचा खर्च सगळ्यांनी मिळून करायचा असतो, असं म्हणा. ते खरंही आहे. एक जण गाडी सोडून दुसऱ्याच्या मागे बसेल का, याचीही चर्चा झाली, पण चौघांत तीन गाड्या म्हटलं की सामान कुठे बांधायचं, इथे घोडं अडलं.

निघायची तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली धरली आहे, म्हणजे इकडे पाऊस लागायच्या आत घाट चढून जाता येईल. श्रीनगरची वाट मान्य झाली. कॅन आणले, पाच-पाच लिटरचे. चारच आणलेत.